‘शॉर्टेज’ची मराठी

नगरच्या कापडबाजारांत ‘माल संपला’ हे शब्द हल्लीं क्वचितच कानीं पडतात. ‘स्टॉक नाहीं’ असें उत्तर मिळतें. सुशिक्षित घरांतही तीच तऱ्हा. सवड नसली कीं ‘टाइम नाहीं’, ऐपत नसली कीं ‘बजेट नाहीं’, आणि बाकीच्या सर्व उणिवांना मिळून एकच शब्द, ‘शॉर्टेज’. परभाषेंतून शब्द घेणें हा गुन्हा होय असें आम्ही मानीत नाहीं. टँकर ही वस्तूच नवी. तिचें नांव तिच्याबरोबर आलें आणि पाथर्डी-जामखेडकडील खेड्यांत तें मराठी होऊन राहिलें. आमची हरकत आहे ती घरांत शब्द असतां तो टाकून देण्याला.

मराठीनें अभावाचे प्रकार बारकाईनें पारखले आहेत. पैशाची चणचण भासते, बाजारांत मालाचा तुटवडा पडतो, चांगल्या माणसांची वानवा असते, दोन वेळच्या भाकरीची भ्रांत पडते. चणचण महिनाअखेरीस येते व पगाराबरोबर जाते. भ्रांत माणसाची झोप घेऊन जाते. दोहोंनाही ‘शॉर्टेज’ म्हटलें कीं कोणाचें दुःख केवढें, हें कळेनासें होतें.

यावर एक उत्तर देण्यांत येतें व तें विचार करण्याजोगें आहे. ‘ऐपत नाहीं’ म्हणतांना मान खालीं जाते. ‘बजेट नाहीं’ म्हटल्यानें अब्रू झांकली जाते. खासगी व्यवहारांत हा आडपडदा क्षम्य होय. सार्वजनिक व्यवहारांत तो महाग पडतो. १९६३ सालीं महाराष्ट्रानें खास कायदा करून राज्यांतील कायद्यांमधून ‘फॅमिन’ हा शब्द काढून टाकला व त्याच्या जागीं ‘स्कॅर्सिटी’ हा सौम्य शब्द बसविला. शब्द गेला, पण दुष्काळ गेला नाहीं. नऊच वर्षांनीं, १९७२ सालीं, पावसानें दगा दिला आणि नगरसह अनेक जिल्ह्यांतील लाखों माणसें खडी फोडण्याच्या कामावर आलीं. त्यांच्या तोंडीं तो ‘बहात्तरचा दुष्काळ’च राहिला.

नुसतें मराठी बोलल्यानेंही हा दोष टळतो असें नाहीं. ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ हा सरकारी प्रयोग अस्सल देशी असूनही त्याच पडद्याचें काम करतो. म्हणून वाचकांस आमचें सांगणें एवढेंच कीं, दुकानांत ‘स्टॉक’ खुशाल म्हणावें. परंतु शेजाऱ्याच्या चुलीविषयीं किंवा गांवच्या कोरड्या विहिरीविषयीं बोलतांना जें आहे त्याचें खरें नांव घ्यावें. नांव सौम्य केलें कीं मदतीची निकडही सौम्य होते.