'घॉट' आणि 'घाट' : हॉब्सन-जॉब्सनमधील एका नोंदीची परीक्षा

हेन्री यूल व ए. सी. बर्नेल यांच्या 'हॉब्सन-जॉब्सन' (१८८६, विल्यम क्रुक यांनी सुधारलेली आवृत्ती १९०३) या अँग्लो-इंडियन शब्दकोशात 'घॉट' या जुन्या इंग्रजी शब्दाची नोंद आहे. नदीवरील उतरण्याची जागा, डोंगरातून उतरणारी वाट, आणि द्वीपकल्पाच्या दोन्ही किनाऱ्यांना समांतर असलेल्या पर्वतरांगा, असे तीन अर्थ तेथे क्रमाने दिले आहेत. तिसरा अर्थ परकीयांच्या गैरसमजातून निघाला असावा, असा कोशकारांचा तर्क आहे. घाटावरचा मुलूख व घाटाखालचा मुलूख असे देशी लोक बोलत; ते ऐकून परकीयांनी 'घाट' हे पर्वताचेच नाव मानले. पोर्तुगीज इतिहासकार जुवांव द बारुश याने सोळाव्या शतकात 'गाट' म्हणजे पर्वतरांग असाच अर्थ नोंदविला होता. जुन्या युरोपीय नकाशांत 'बालागेट पर्वत' असे रूप दिसते, तेथे इंग्रजी 'गेट' या शब्दाची छाया पडली नसेल असे म्हणवत नाही. योगायोग असा की, उत्तर इंग्लंडमधील जुन्या रस्त्यांच्या नावांत 'गेट' याचा अर्थ दरवाजा नसून वाट असा आहे. तो शब्द नॉर्स भाषेतून आला. म्हणजे चुकीच्या साम्यानेही अर्थ मूळ जागेच्या जवळच पोहोचला होता.

कोशकारांचा हा तर्क बव्हंशी ग्राह्य आहे. तथापि नोंदीत दोन उणिवा राहिल्या आहेत. पहिली अशी की, शब्दाचे मूळ म्हणून तेथे हिंदुस्थानी रूप दिले आहे. संस्कृत कोशांतील 'घट्ट' म्हणजे उतारघाट, या शब्दापर्यंत सर्वच उत्तरी भाषांतील रूपे जातात, हे खरे. परंतु डोंगरातील वाट हा अर्थ परकीयांच्या कानी पडला तो प्रामुख्याने पश्चिम किनाऱ्यावर, मराठी आणि कोंकणी बोलणाऱ्यांच्या तोंडून. नाणेघाट, बोरघाट, थळघाट, कुंभार्ली, फोंडा ही मालिका ज्या भाषेत नांदते, तिचा उल्लेख व्युत्पत्तीच्या आरंभी हवा होता.

दुसरी उणीव अधिक महत्त्वाची आहे. परकीयांनी घोटाळा केला, एवढे सांगून कोश थांबतो. त्या घोटाळ्याला मराठीत आधार होता काय, याचा शोध घेत नाही. कोकणातील माणूस 'घाटावर गेला' असे म्हणतो, तेव्हा तो कोणत्या घाटाने गेला हे त्यास सांगावयाचे नसते. येथे 'घाट' हा एका वाटेचा वाचक न राहता देश व कोकण यांमधील सीमारेषेचा वाचक झाला आहे. 'घाटी' हा शब्दही असाच. पुढे मुंबईत त्यास हिणकस छटा आली, परंतु मूळ अर्थ रेषेपलीकडचा एवढाच. वाट ते सीमा ही पहिली पायरी भाषेने स्वतःच चढलेली होती. सीमा ते पर्वत ही दुसरी परकीयांनी चढविली. त्यांच्या कानावर सगळा दोष ढकलणे न्याय्य नव्हे.

या विधानाची कसोटी सह्याद्रीपासून दूर घ्यावयास हवी. बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील नांदूरघाट हे गाव त्या पर्वतापासून दोनशेहून अधिक किलोमीटर पूर्वेस आहे. नांदूर नावाची गावे महाराष्ट्रात अनेक असल्याने 'घाट' हे पद येथे ओळखीची खूण म्हणून जोडलेले दिसते. ते नदीच्या उताराचे घ्या किंवा चढणीचे घ्या, दोन्हींत वाटेचाच अर्थ आहे; पर्वतरांगेचा अर्थ येथे लावताच येत नाही. त्याच जिल्ह्यातील मांजरसुंबा घाट व धारूर घाट ही नावेही सखल भागातून पठारावर चढणाऱ्या रस्त्यांचीच आहेत.

पण हे पठार ज्या नावाने ओळखले जाते, ते 'बालाघाट' हे नाव नेमकी उलट साक्ष देते. फारसी 'बाला' म्हणजे वर. बालाघाट म्हणजे घाटावरचा मुलूख. वऱ्हाडातही डोंगरावरच्या भागास बालाघाट व पूर्णेकाठच्या सखल भागास पाइनघाट म्हणत. हे प्रदेशवाचक नाव आज बीड-लातूर-धाराशिवच्या भूगोलात डोंगररांगेचे नाव झाले आहे. हॉब्सन-जॉब्सनने जी चूक पोर्तुगिजांच्या पदरी घातली, तीच येथे मराठी पाठ्यपुस्तकांनी निर्वेधपणे स्वीकारली. नांदूरघाट हे बालाघाटातले गाव आहे, असे म्हणताना एकाच वाक्यात 'घाट' दोन अर्थांनी येतो, आणि विद्यार्थ्यास ते जाणवतही नाही.

'सह्य' हे नाव पुराणांतील सात कुलपर्वतांत असताना मराठी शास्त्रीय लेखनाने 'पश्चिम घाट' हे भाषांतर पत्करले, हे सोयीचे होते; आवश्यक खासच नव्हते. आता त्या शब्दास राजमान्यताही मिळाली आहे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ गटाने २०११ मध्ये दिलेला अहवाल आणि २०१२ मध्ये युनेस्कोने केलेली जागतिक वारशाची नोंद, दोन्ही याच नावाने आहेत. त्यांच्या मराठी चर्चेत 'घाट' हा शब्द शिखरे, अरण्ये, नद्यांचे उगम आणि वस्त्या या सर्वांना व्यापतो. त्याच मराठीत, पावसाळ्यात दरड कोसळल्यावर, 'घाट बंद आहे' एवढेच सांगितले जाते, आणि ऐकणाऱ्यास रस्त्यावाचून दुसरे काही सुचत नाही.