काळ्या मातीची तीन वर्णनं: पूर्णा खोऱ्याच्या निमित्ताने

आजच्या व्याख्यानात मी तीन कागद वाचणार आहे. पहिला १८४७चा, दुसरा १९७५चा आणि तिसरा २०१५ नंतर आपल्यापैकी अनेकांच्या घरी आलेला. तिन्ही कागद एकाच गोष्टीचं वर्णन करायला निघालेत: माती. पुस्तकाचं परीक्षण करताना आपण विचारतो, लेखकानं काय पाहिलं, काय गाळलं, आणि गाळलं त्याची किंमत कोणी मोजली? तेच प्रश्न मी या कागदांना विचारणार आहे. कसोटीला एकच जमीन घेऊ, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही.

ती जमीन आहे विदर्भातल्या पूर्णा खोऱ्याची. अमरावती, अकोला, बुलढाणा. उत्तरेला सातपुड्याचा गाविलगड, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर आणि मधे खोलगट, सपाट मैदान. शेकडो फूट जाडीचा गाळ, त्याच्यावर काळी भारी जमीन. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. बाहेरचा माणूस बघून म्हणेल, काय सोन्यासारखी जमीन आहे! आणि याच भागाला तिथली माणसं खारपाणपट्टा म्हणतात. विहिरीचं पाणी खारं, आणि पाऊस चांगला झाला तरी कापूस म्हणावा तसा साधत नाही.

आता पहिला कागद. इंग्रजी अमलात मुंबई इलाख्यात जमीन महसुलाची पाहणी झाली. गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन यांच्या १८४७च्या जॉइंट रिपोर्टमध्ये तिची रीत ठरली, पुढे ती वऱ्हाडातही लागू झाली. रीत अशी: माती तीन प्रकारांत विभागायची. बारीक, एकसारख्या पोताची काळी ते गडद तपकिरी. जरा भरड, बहुधा तांबडी. आणि खडेमिश्रित किंवा भुसभुशीत. मग खणून खोली मोजायची, हातात. पावणेदोन हात खोल काळी जमीन म्हणजे सोळा आणे. तिथून नऊ प्रती, खाली दोन आण्यांपर्यंत.

याच्यापुढचा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. त्या रिपोर्टनं मातीचे सात दोष सांगितलेत. चुनखडीचे बारीक खडे, वाळू, उतार, कण एकमेकांना न धरणं, पाणी आत न शिरू देणारी माती, वाहत्या पाण्याखाली सापडणं आणि झऱ्यांमुळे जादा ओल. दोष दिसला की जमीन एक प्रत खाली. म्हणजे बघा, प्रयोगशाळा नाही, सोडियम मोजायची सोय नाही, आणि तरीही 'चुनखडी' आणि 'पाणी न शिरणं' या दोन गोष्टी यादीत आहेत. पूर्णा खोऱ्याचं दुखणं नेमकं याच दोन शब्दांत आहे. ते कसं, ते पुढे येईल.

कौतुक केलं, आता दोष. हा कागद करासाठी लिहिलेला आहे, त्यामुळे त्याची नजर आण्यावर थांबते. पावणेदोन हात म्हणजे साधारण ८० सेंटिमीटर. त्याच्या खाली काय आहे याला हिशेबात जागा नाही. दुसरं, दोष नोंदला जातो, पण तो का आला याचा शोध नाही. आणि कारण कळलं नाही तर उपाय कुठून सुचणार?

दुसरा कागद अमेरिकन कृषी खात्याचा, १९७५चा 'सॉइल टॅक्सॉनॉमी' हा जाडजूड ग्रंथ. जगभरच्या मातीविज्ञानात त्याचा दबदबा आहे. आपली काळी माती त्यात 'व्हर्टिसॉल' या गणात बसते. अटी अशा: वरच्या ५० सेंटिमीटरांत चिकणकण निदान ३० टक्के, ठरावीक काळाने उघडणाऱ्या आणि मिटणाऱ्या भेगा, आणि आतल्या थरात मातीचे लोक एकमेकांवर घासून झालेले चकचकीत पृष्ठभाग. हे सगळं स्मेक्टाइट या खनिजामुळे होतं. ते पाणी पिऊन फुगतं आणि सुकलं की आक्रसतं.

हा ग्रंथ नुसता खड्डा बघत नाही. मातीत वर्षातले किती दिवस ओल टिकते हे हवामानाच्या आकड्यांवरून ठरवतो आणि ते मातीच्या नावातच घालतो. आपल्याकडच्या बहुतेक काळ्या जमिनी 'हॅप्लुस्टर्ट'. त्यातला 'उस्ट' म्हणजे पाऊस ठरावीक हंगामात, मग लांब कोरडा काळ. प्रयोगशाळा आणि हवामान एका नावात आणणं ही मोठीच गोष्ट आहे.

मग अडचण कुठे आहे? अडचण पंधराच्या आकड्यात आहे. मातीच्या कणांवर कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पालाश असे घटक चिकटलेले असतात. त्यात सोडियमचा वाटा किती, ती विनिमयक्षम सोडियमची टक्केवारी. १९५४ साली अमेरिकेच्या क्षारता प्रयोगशाळेच्या प्रसिद्ध पुस्तिकेनं ही मर्यादा १५ टक्के धरली. टॅक्सॉनॉमीतही 'सोडिक' हे विशेषण लावायला पंधराच लागतात. पण ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी १९७२मध्येच आपल्या मातींसाठी ही मर्यादा सहावर आणली होती. आणि पूर्णा खोऱ्यात नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोतले डॉ. डी. के. पाल आणि त्यांचे सहकारी काम करत होते, त्यांना दिसलं की पाचच्या वर गेलं तरी पाणी झिरपायचं थांबतं. पंधराची वाट बघत बसलं तर जमीन कागदावर 'चांगली' आणि शेतात चोपण. २००३ साली त्यांनी कापसाचं उत्पादन आणि पाणी झिरपण्याचा वेग यांची सांगड घातली. ताशी १० मिलिमीटरपेक्षा कमी वेग असलेल्या चोपण जमिनीत कापूस जवळपास निम्म्यावर येतो, असं त्यातून दिसलं.

आता चुनखडी आणि पाणी यांचं नातं सांगतो. पाऊस बेताचा आणि बाष्पीभवन जास्त, अशा हवामानात मातीतल्या द्रावणातलं कॅल्शियम कार्बोनेट होऊन बसतं, म्हणजे चुनखडी. कॅल्शियम खेळातून बाद झालं की कणांवर सोडियमचा वाटा आपोआप वाढतो. सोडियम वाढला की चिकणकण सुटे होतात आणि बारीक पोकळ्या बुजवतात. पोकळ्या बुजल्या की पाणी खाली जात नाही. खालचा थर कोरडा राहतो, कोरड्या थरात आणखी चुनखडी. हे चक्र एकदा सुरू झालं की स्वतःलाच पोसतं.

याचा अर्थ काय होतो बघा. अकोल्याच्या पर्जन्यमापकात आठशेच्या आसपास मिलिमीटर दिसतात. पण पर्जन्यमापक जमिनीच्या वरचा पाऊस मोजतो. मुळाशी किती पोचला, ते मातीच ठरवते. शेजारच्या दोन शेतांवर एकच ढग बरसला तरी एका शेतातल्या तुरीला पाऊसमान पुरेसं असतं आणि दुसरीसाठी तो दुष्काळ असतो. म्हणून हवामानाचा आकडा मातीच्या नावात नुसता जोडून भागत नाही. झिरपण्याचा वेग कळल्याशिवाय तो आकडा अर्धवट आहे.

भूरचनेचंही तेच. आपला सगळ्यांचा समज काय? क्षार सखल जागी साठतात. अमरावतीकडच्या पेढी नदीच्या भागात वैद्य आणि पाल यांनी २००२मध्ये उलटं चित्र मांडलं. अर्धा ते पाच मीटर एवढाच चढउतार, डोळ्यांना जाणवणारही नाही असा. त्यात किंचित उंच जागेवरची माती चोपण, आणि सखल जागेतली बरी! कारण सखल जागी पाणी पुन्हा पुन्हा थांबतं, खोल मुरतं आणि सोडियम धुऊन नेतं. उंचवट्यावरचं पाणी वाहून जातं, तिथे ते कोरडं चक्र सुरू होतं. आता १ : २,५०,००० प्रमाणाचा नकाशा घ्या. एक सेंटिमीटर म्हणजे अडीच किलोमीटर. त्यात हा उंचवटा कुठे सापडायचा?

एक गोष्ट मात्र पालांच्या बाजूनेही तपासून घ्यायला हवी. पंधराच्या जागी पाच बसवले की झालं का? नाही. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये काही ठिकाणी झिओलाइट खनिजं असतात, ती कॅल्शियम पुरवत राहतात. तिथे सोडियम जास्त असूनही पाणी झिरपतं. हे याच संशोधकांनी दाखवलं, हा त्यांचा प्रामाणिकपणा. पण त्याचा अर्थ असा की मुख्य कसोटी पाणी झिरपण्याची आहे, आणि सोडियमचा आकडा तिचा साक्षीदार. एकाच साक्षीदारावर निकाल देऊ नये.

तिसरा कागद: मृदा आरोग्य पत्रिका. फेब्रुवारी २०१५मध्ये राजस्थानातल्या सुरतगड इथून ही योजना सुरू झाली. बारा तपासण्या: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन, सामू, विद्युत वाहकता आणि सेंद्रिय कर्ब. नमुना वरच्या १५ ते २० सेंटिमीटरांचा. बागायतीत अडीच हेक्टरला एक, कोरडवाहूत दहा हेक्टरला एक.

मी या पत्रिकेची टिंगल करणार नाही. खताची उधळपट्टी थांबावी हा हेतू रास्त आहे, आणि एवढ्या शेतांपर्यंत प्रयोगशाळा नेणं सोपं काम नव्हतं. जस्त कमी आहे हे तिच्यामुळे ज्याला कळलं, त्याला तिचा उपयोगच झाला. पण तिला 'आरोग्य' म्हटलंय म्हणून विचारावं लागतं. खारपाणपट्ट्यातल्या शेतकऱ्यानं ती उघडली तर त्याला काय दिसेल? विद्युत वाहकता कमी असेल तर 'सामान्य', सामू थोडा चढा, पालाश भरपूर, आणि खाली खतांची मात्रा. चिकणकण किती? नाही. खोली? नाही. चुनखडी? नाही. सोडियमची टक्केवारी? तीही नाही. पाणी झिरपतं की नाही, हा १८४७च्या कारकुनाला पडलेला प्रश्न इथे विचारलेलाच नाही. शिवाय दुखणं आहे अर्धा-एक मीटर खाली आणि नमुना वीतभर खोलीचा. दहा हेक्टर म्हणजे पंचवीस एकर. तेवढ्यात पेढीकाठचा उंचवटाही येईल आणि सखल भागही, आणि दोघांना एकच पत्रिका मिळेल.

याची किंमत रोकडी आहे. जमीन चोपण आहे हे माहीत नसेल तर माणूस खताची मात्रा वाढवत राहतो, किंवा विहिरीचं खारं पाणी देतो आणि सोडियममध्ये भर घालतो. माहीत असेल तर तो जिप्समचा विचार करेल, सरी-वरंबा करून पाणी मुरवेल, शेततळ्यात गोडं पाणी साठवेल, पीक बदलेल. दोन्ही रस्त्यांना पैसा लागतो. फरक फक्त पैसा कुठे जातो याचा.

मग माझी मागणी काय? काळ्या जमिनीच्या जिल्ह्यांत गावागणिक, उंच आणि सखल अशा दोन्ही जागी मीटरभर खोल खड्डे घ्या. थरांप्रमाणे चुनखडी, सोडियम आणि झिरपण्याचा वेग मोजा, आणि ते पत्रिकेच्या मागच्या पानावर छापा. प्रत्येक शेताला हे करायची गरज नाही. गावाच्या दोन-चार खड्ड्यांवरून शेजारच्या शेतांचा अंदाज बांधता येतो, मातीविज्ञानाचं कामच ते आहे.

आणि तोवर तुम्ही घरी काय कराल? दोन फुटांखालचं वाळलेलं ढेकूळ घ्या, त्याचा वाटाण्याएवढा तुकडा काचेच्या पेल्यातल्या पावसाच्या पाण्यात अलगद सोडा, ढवळू नका. थोड्या वेळाने तुकड्याभोवती दुधासारखा गढूळ ढग पसरला तर चिकणकण सुटे होतायत, सोडियमची शंका घ्या आणि नमुना तपासायला द्या. तुकडा नुसता फुटून तळाशी बसला आणि पाणी नितळ राहिलं तर निदान ही शंका कमी. दुसरं, त्याच मातीवर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला आणि फसफसलं तर चुनखडी आहे. आम्ल जपून हाताळा, शाळेच्या प्रयोगशाळेत करता आलं तर उत्तम. हे करताना शेतातली उंच जागा आणि सखल जागा वेगळ्या ठेवा, दोन्ही पेल्यांवर चिठ्ठी लावा.

प्रश्न असतील तर विचारा. पेल्यात काय दिसलं तेही मला कळवा.