सायकलीची क्रियापदे आणि समुद्र नसलेले कोकण

मराठीत सायकलीला जोडली जाणारी क्रियापदे जरा निरखून पाहावीत. सायकल हाणली जाते, मारली जाते, दामटली जाते, पिटाळली जाते; तिच्यावर टांग टाकली जाते. ‘चालवणे’ हे त्यांतले एकच मवाळ क्रियापद, पण ते बैलगाडीपासून आगगाडीपर्यंत सर्वांना सारखेच लागू पडते. बाकी सारी घाईची आणि कष्टाची आहेत. टपाल वाटणारा, दूध घालणारा, पलीकडच्या गावी शिकवायला जाणारा मास्तर, पहिल्या पाळीच्या भोंग्याआधी फाटकाशी पोचू पाहणारा कामगार यांनी ही भाषा घडवली. सायकलीवर बसून रेंगाळणे तिला ठाऊक नव्हते. म्हणूनच कोकण किनाऱ्याने सायकलीवरून सावकाश हिंडण्याची वर्णने मासिकांतून आणि दिवाळी अंकांतून येऊ लागली, तेव्हा त्यांच्यापुढे पहिली अडचण शब्दाची उभी राहिली. कोणी घोडेस्वाराची ‘रपेट’ उसनी घेतली, कोणी ‘पेडलिंग’, ‘रायडिंग’ हे इंग्रजी शब्द जसेच्या तसे ठेवले. ‘भ्रमंती’ आणि ‘मुशाफिरी’ हे शब्द तर गडकिल्ल्यांवर जाणाऱ्यांनी आधीच झिजवून ठेवले होते. ही अडचण केवळ शब्दसंग्रहाची मानली तर तिचे गांभीर्य कळणार नाही. ज्या कृतीला भाषेत क्रियापद नाही, तिचे निवेदन करणारा लेखक नेमका कोणाशी बोलत असतो, हा त्यामागचा प्रश्न आहे.

प्रवासवर्णनाच्या समीक्षेत लेखकाच्या व्यक्तिमत्त्वाची चर्चा आपल्याकडे भरपूर झाली. वाहनाची फारशी झाली नाही. वास्तविक निवेदनाचे एकक पुष्कळदा वाहनच ठरवते. आगगाडीतल्या प्रवाशाचे एकक स्टेशन, विमानातल्याचे शहर, पायी चालणाऱ्याचे मुक्काम. सायकलस्वाराचे एकक चढ हे असते. मोटारीत बसलेल्याला रस्त्याची जी तिरीप जाणवतही नाही, ती त्याला मांड्यांनी आणि श्वासाने मोजावी लागते. मिखाईल बाख्तीन याने कादंबरीतील काळ-अवकाशाचे विवेचन करताना रस्त्याला विशेष स्थान दिले आहे. एरवी सामाजिक अंतरामुळे वेगळी राहणारी माणसे रस्त्यावर योगायोगाने समोरासमोर येतात, आणि ते अंतर काही काळ गळून पडते, असे त्याचे प्रतिपादन. अशा भेटीला सायकलीइतके अनुकूल वाहन दुसरे नसेल. मध्ये काच नाही, इंजिनाचा आवाज नाही, आणि पंक्चर झाले की दुसऱ्याच्या दारात उभे राहण्यावाचून गत्यंतर नाही. तेव्हा सायकलीवरील प्रवासवर्णनाला ही कसोटी लावणे अन्यायाचे होणार नाही: त्यात भेट घडते का?

इंग्रजीत हा लेखनप्रकार लवकर प्रौढ झाला, कारण तेथे सायकल वर्गाचा प्रश्न बरोबर घेऊनच वाङ्मयात शिरली. एच. जी. वेल्स यांच्या ‘द व्हील्स ऑफ चान्स’ (१८९६) या कादंबरीचा नायक हूपड्रायव्हर हा कापडाच्या दुकानातला नोकर. वर्षाची दहा दिवसांची सुटी घेऊन तो सायकलीवरून दक्षिण इंग्लंडच्या किनाऱ्याकडे निघतो, आणि वाटेत आपण कोणी बडे गृहस्थ आहोत असे वागून पाहतो. रस्ता त्याला ही मुभा देतो. सुटी संपताच ती काढूनही घेतो. कादंबरी विनोदी आहे, पण फुरसत कोणाच्या मालकीची असते हा प्रश्न तिने एकदाही नजरेआड होऊ दिलेला नाही. जेरोम के. जेरोम यांच्या ‘थ्री मेन ऑन द बमेल’ (१९००) या पुस्तकात जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टची सायकल-सहल आहे. सायकलींच्या जाहिरातीतला स्वार कधी कष्ट करताना दिसत नाही, तो नुसता तरंगत असतो, अशा आशयाची त्यांनी केलेली थट्टा आपल्या सायकल-लेखकांनी टेबलासमोर लावून ठेवावी अशी आहे. मुंबईचे अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा यांनी १९२३ ते १९२८ या काळात सुमारे ७१,००० किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा सायकलीवर केली आणि १९३१ मध्ये तिचा वृत्तान्त इंग्रजीत प्रसिद्ध केला. तो साहसाचा आणि विक्रमाचा वृत्तान्त आहे. रेंगाळण्याला त्यात जागा नाही आणि ती अपेक्षिणेही बरोबर नव्हे.

मराठीतील परंपरा पायी चालण्याची. विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये पेणजवळच्या वरसईहून उत्तरेकडे निघाले ते कर्ज फेडण्यासाठी, दक्षिणेच्या आशेने. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये चिंतामण विनायक वैद्य यांनी प्रसिद्ध केला. मराठीतला हा पहिल्या प्रतीचा प्रवासग्रंथ फुरसतीतून जन्मलेला नाही, ही गोष्ट विसरून चालणार नाही. पोटासाठी चाललेल्या माणसाला वाटेवर कोण भेटते, कोण जेवू घालते आणि कोण लुटते, याचे भान क्षणभरही सुटत नाही. इरावती कर्वे यांच्या ‘परिपूर्ती’ (१९४९) मधील ‘वाटचाल’ हा लेख याहून अवघड जागी जातो. पंढरीच्या वाटेवर सारे एकाच दिशेने चालत आहेत, एकच नाम घेत आहेत, तरी ब्राह्मणांची आणि मराठ्यांची पंगत वेगळी. बाख्तीनच्या सिद्धान्ताला हा लेख जणू आधीच हरकत घेऊन बसला आहे. रस्ता एक असला म्हणजे अंतर मिटतेच असे नाही. ते मिटत नाही हे चालणाऱ्याच्या जिव्हारी लागले, तरच लेखन उभे राहते. गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) कोणी प्रवासवर्णन म्हणून वाचत नाही. ठाणे जिल्ह्यातले पाडे पायी हिंडणाऱ्या बाईचे ते पुस्तक आहे, आणि या जिल्ह्याच्या वाटांविषयी त्यातून जे कळते ते सहलींच्या डझनभर पुस्तकांतून कळणार नाही.

या पार्श्वभूमीवर किनारी सायकल-वर्णनांकडे वळावे. त्यांचा मार्ग बहुधा ठरलेला असतो: रेवस ते रेड्डी हा सागरी रस्ता, किंवा त्याचा एखादा तुकडा. हा रस्ता खाड्यांनी जागोजाग तोडलेला आहे. बाणकोटच्या खाडीवर वेशवी ते बागमांडला, वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळ ते धोपावे, शास्त्रीच्या मुखाशी तवसाळ ते जयगड, असा होडीवर चढत-उतरत प्रवास करावा लागतो. पूर्वीची ‘तर’ गेली, आता मोटारी पोटात घेणारी फेरीबोट आली. पण थांबणे राहिलेच. निवेदनाच्या दृष्टीने ही मोठीच देणगी आहे. धक्क्यावरचा तो अर्धा-पाऊण तास, मासळीच्या पाट्या घेऊन बसलेल्या बाया, शाळेतून परतणारी पोरे, आणि सायकल टेकून उभा असलेला शहरी माणूस. नेमक्या याच जागी बहुतेक वर्णने घाईने सूर्यास्ताकडे पाहू लागतात. सुरूचे बन, केवड्याची दाटी, करवंदीच्या जाळ्यांतून गेलेली पाऊलवाट, जांभ्याचा उघडा सडा हे सारे येते, आणि काही लेखकांकडे चांगलेही येते; जांभ्यावर तापलेल्या उन्हाचा पायांना लागणारा चटका एखाददुसऱ्यानेच नोंदवला असला तरी तो वाचकाच्या लक्षात राहतो. एरवी मात्र ही वर्णने जेरोमच्या जाहिरातीतली असतात. चढ आला की परिच्छेद संपतो आणि पुढचा परिच्छेद उतारावर सुरू होतो. दम लागलेले वाक्य त्यांत क्वचितच आढळते. धाप लागलेल्या माणसाचे वाक्य आखूड होते, ते क्रियापदापाशी अडते, ही साधी गोष्ट या गद्याला उमगलेली दिसत नाही.

किनाऱ्याची ही निवड निरागस मानता येत नाही. साहित्यातले कोकण म्हणजे समुद्र, माड आणि पोफळी, हे समीकरण दीर्घकाळ पक्के झाले आहे, आणि सायकलीवरून हिंडणारा लेखक ते मोडण्याऐवजी त्यावरूनच चाक फिरवतो. पण कोकणातच समुद्र नसलेले तालुके आहेत. ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड हे त्यांपैकी दोन. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. वसई ते डहाणू हा किनारा तिकडे गेला, आणि उत्तनकडचा तुकडा सोडला तर ठाण्याकडे प्रामुख्याने खाड्या राहिल्या. शहापूर-मुरबाडला मात्र यात गमावण्यासारखे काही नव्हते. हे तालुके वाङ्मयात नेहमीच वाटेवरचे राहिले. १८६५ मध्ये थळघाटातून रेल्वे वर गेली, तेव्हापासून आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा ही नावे नाशिककडे जाणाऱ्याच्या कानांवरून गेली, डोळ्यांवरून माहुलीचे सुळके गेले. मुरबाडहून वर जाणारी वाट तर सातवाहनांच्या काळची. वैशाखऱ्यावरून नाणेघाटाने जुन्नरला माल चढत होता, आणि तेथल्या लेण्यात नागनिकेचा लेख कोरलेला आहे. एवढी जुनी वाट असलेल्या मुलखाचे मराठीत मुक्कामाचे वर्णन किती आहे, हे अभ्यासकाने शोधून पाहावे.

शहापूर-किन्हवली-सरळगाव हा रस्ता सायकलीला सोयीचा आहे. साग, ऐन, पळस, मोह. मध्येच भाताची खाचरे. मग ठाकरांची किंवा कातकऱ्यांची वाडी. दिवाळी सरली की कातकऱ्यांची कित्येक घरे वीटभट्ट्यांवर निघून जातात आणि वाड्या ओस पडतात. फुरसतीने हिंडण्याचा हंगाम नेमका तोच. हिवाळ्यातल्या सहलीच्या वर्णनात ‘निवांत’, ‘शांत’ अशी जी विशेषणे सहज येऊन बसतात, त्यांचा अर्थ काही ठिकाणी दाराला कडी लागलेली घरे एवढाच असतो. विशेषण वापरणाऱ्याला ते माहीत नसते, आणि सायकलीवरून उतरल्याशिवाय माहीत होण्याचा मार्गही नसतो.

पाण्याची गोष्ट याहून बोलकी आहे. मुंबईला पाणी पुरवणारी तानसा (१८९२) आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत. तानसाचा जलाशय आणि त्याभोवतीचे अभयारण्य सायकलस्वारांना प्रिय; शहराकडे निघालेल्या जाडजूड जलवाहिन्या तर कितीतरी अंतर रस्त्याची सोबत करतात. याच तालुक्यातील अनेक गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, ही बातमी वर्षानुवर्षे छापून येते. भातसा आणि काळू या नद्या उल्हासला मिळतात आणि उल्हासचे पाणी वसईच्या खाडीने समुद्राला जाते. म्हणजे खाडीच्या धक्क्यावर उभा राहून सूर्यास्त पाहणारा लेखक ज्या पाण्याकडे पाहतो, त्याचा एक उगम या डोंगरांत आहे. आणि त्याच्या घरच्या नळाचा उगम तर बहुधा येथेच. हा धागा हाती धरणारे सायकल-वर्णन अजून लिहिले जायचे आहे. त्यासाठी किनारा सोडण्याचीही गरज नाही, धक्क्यावर नजर थोडी उलटी वळवली तरी पुरे.

अशा वर्णनात येणारी दुसरी सायकल कशी असेल, याचा अंदाज करणे अवघड नाही. गिअर नसलेली, मागे कॅरिअर, आणि कॅरिअरच्या दोन्ही अंगांना बांधलेले पाण्याचे कॅन. ‘हाणणे’, ‘दामटणे’ ही क्रियापदे तिलाही लागू पडत नाहीत. एवढे ओझे लादलेली सायकल चढावर कोणी चालवत नाही. ती हातात धरून रेटत न्यावी लागते. माळशेजच्या बाजूला टोकावड्याच्या पुढे चढ लागला की शहरातून आलेला स्वारही बहुधा खाली उतरतो. त्या तुकड्यावर दोघांच्याही हातात सायकल असते, दोघेही पायी असतात आणि दोघांचा वेग एकच असतो. दम खाऊन पहिला प्रश्न बहुधा कॅनवालाच विचारतो, कुठून आलात म्हणून.