मुनाजरा की मुजादला?

आपल्या मदरशांतून पिढ्यान् पिढ्या शिकवल्या जाणाऱ्या 'दर्से निजामी' या अभ्यासक्रमात वादविद्येचे एक पुस्तक आहे, 'रशीदिया'. सतराव्या शतकात जौनपूरच्या अब्दुर्रशीद यांनी ते लिहिले. त्यात वादाचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य उजेडात यावे म्हणून केलेला तो मुनाजरा. समोरच्याला गप्प करण्यासाठी केलेला तो मुजादला. आणि या दोन्हींपैकी कोणताच हेतू नसताना केवळ हट्टाने अडून बसणे, तो मुकाबरा. मराठी वाचकाला वाद, जल्प आणि वितंडा हे शब्द आठवतील. जाहीर वादसभांचे मूल्यमापन करायला आम्हाला ही जुनी फूटपट्टी आजही उपयोगी वाटते. तिने दोन गाजलेल्या सभा मोजून पाहू.

पहिली सभा ऑक्सफर्ड युनियनची, ३ डिसेंबर १९६४ ची. वक्ते होते माल्कम एक्स. त्याच वर्षी ते हज करून आले होते. ठरावाचा आशय असा, की स्वातंत्र्याच्या रक्षणासाठी अतिरेक हा दुर्गुण नाही आणि न्यायाच्या मागणीत मवाळपणा हा सद्गुण नाही. हे वाक्य मूळचे बॅरी गोल्डवॉटर यांचे, म्हणजे १९६४ च्या नागरी हक्क कायद्याविरुद्ध मत देणाऱ्या सिनेटरचे. माल्कम एक्स यांनी विरोधकाचेच हत्यार उचलले आणि विचारले, अतिरेक कशाला म्हणायचे हे ठरवतो कोण? काँगोतल्या खेड्यांवर विमानातून बॉम्ब पडतात तेव्हा वर्तमानपत्रे त्याला तसे का म्हणत नाहीत? मतदानात त्यांची बाजू हरली. प्रश्न मात्र सभागृहाबाहेर पडला आणि अजून फिरतो आहे. ज्यांच्या नावामागे 'अतिरेकी' हा शब्द सहज चिकटवला जातो, त्यांना या प्रश्नाचे मोल वेगळे सांगायला नको.

दुसरी सभा केंब्रिज युनियनची, १८ फेब्रुवारी १९६५ ची. अमेरिकी स्वप्न हे अमेरिकेतल्या निग्रोंच्या जिवावर उभे आहे, असा ठराव होता. बाजूने कादंबरीकार जेम्स बाल्डविन, विरुद्ध 'नॅशनल रिव्ह्यू'चे संस्थापक विल्यम बकली. बाल्डविन यांनी आधी ठरावालाच हात घातला. या प्रश्नाचे उत्तर माणूस जगात कुठे उभा आहे यावर अवलंबून असते, असे त्यांनी बजावले. मग गुलामांच्या सगळ्या पिढ्यांचे कष्ट त्यांनी 'मी' म्हणून सांगितले. सेल्मात निदर्शकांवर हात उगारणाऱ्या शेरीफलाही त्यांनी राक्षस म्हटले नाही. माणूस इतका खालावतो तेव्हा त्याच्या आत काय मोडले असेल, असे विचारले. अत्याचार करणाऱ्याचे नुकसानही मांडणारी ही दलील, म्हणून आम्ही तिला मुनाजऱ्याच्या जवळ नेऊन ठेवतो.

बकली हुशार होते. पण त्यांनी बाल्डविनच्या बोलण्याच्या ढबीवर टोमणा मारला. मिसिसिपीत निग्रोंना मताचा हक्क का नाही, असे श्रोत्यांतून विचारले गेले, तेव्हा तिथे गोरेच जरा जास्त मतदान करतात, असे म्हणून त्यांनी हशा मिळवला. हा अस्सल मुजादला. बाल्डविन ५४४ विरुद्ध १६४ मतांनी जिंकले. तीनच दिवसांनी, २१ फेब्रुवारीला, न्यूयॉर्कमध्ये माल्कम एक्स यांची हत्या झाली. आणि बकली? वांशिक भेदभाव संपवण्यासाठी केंद्र सरकारचा हस्तक्षेप आवश्यकच होता, आपण चुकलो, हे त्यांनी जाहीरपणे मान्य केले ते २००४ मध्ये. मते एका रात्रीत मोजून झाली. पटायला ३९ वर्षे लागली.

तरीही केंब्रिजच्या सभेत एक उणीव राहिली. मुनाजऱ्यात दावा करणारा आणि शंका घेणारा आळीपाळीने बोलतात. प्रत्येक दलिलीला उत्तर द्यावे लागते. इथे बाल्डविन आधी बोलले, बकली नंतर, आणि सभा संपली. ही दोन उत्तम भाषणे होती. त्यांची गाठ पडलीच नाही. शिवाय चारही प्रमुख वक्ते पुरुष होते.

ही दुसरी उणीव आपल्या फार ओळखीची आहे. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने सात मुस्लिम महिलांनी मुंबईत मोर्चा काढला. एकाच दमात दिलेला तीन तलाक सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला तो २२ ऑगस्ट २०१७ रोजी, तीन विरुद्ध दोन अशा मतांनी. या ५१ वर्षांत या विषयावर परिसंवाद, सभा, वृत्तवाहिन्यांवरच्या चर्चा किती झाल्या! टोपी घातलेला एक, टिळा लावलेला एक, मधे ओरडणारा निवेदक. जिच्या आयुष्याची चर्चा चालली आहे ती बहुधा पडद्यावर नाहीच, आणि असली तर तिचे वाक्य पुरे होत नाही. याला मुजादला म्हणणेही जास्त होईल. हा मुकाबरा आहे.

आम्ही उर्दू शाळेत शिकवतो. तकरीरी मुकाबला असो की मराठीतली वादविवाद स्पर्धा, गुण कशाला मिळतात? आवाजाला, पाठांतराला, हातवाऱ्यांना, शेवटच्या शेराला. चिठ्ठी काढून बाजू वाटली, तर न पटणाऱ्या विचाराच्या जागी उभे राहण्याचा सराव होतो. त्याला आमची हरकत नाही. पण गुणपत्रिकेत आणखी दोन रकाने हवेत. प्रतिस्पर्ध्याचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत आधी सांगितले का? त्याची बरोबर असलेली एक तरी गोष्ट कबूल केली का?

आपल्या समाजाविषयीचे ठराव बहुधा दुसरेच कोणी लिहितात आणि आपण बाजू मांडायला उभे राहतो. अशा वेळी ठरावाचे शब्द तपासण्याची हिंमत माल्कम एक्स यांच्याकडून घ्यावी आणि विरोधकाकडे माणूस म्हणून पाहण्याची रीत बाल्डविनकडून. पण घरातल्या बहसमध्ये आपल्या मुलीबाळींना पुरे बोलू द्यायचे की नाही, हे शिकायला केंब्रिजला जावे लागत नाही.