पडद्यापुढचा माणूस

दुःखाचे चित्रण म्हणजेच वास्तव, असे समीकरण आपल्या समीक्षेत कळत-नकळत रूढ झाले आहे. फाटके लुगडे खरे आणि इस्त्रीचा कोट खोटा, असे आपणही मानू लागलो आहोत. हे समीकरण तपासायचे, तर जेम्स व्हॅन डर झी या काळ्या फोटोग्राफरचे काम पाहिले पाहिजे. दलित पँथरने १९७२ साली नाव अमेरिकेतील काळ्यांच्या लढ्यावरून घेतले. तिकडच्या कविता-कादंबऱ्यांविषयी आपण पुष्कळ बोललो. त्या मानाने वस्तीत दुकान मांडून लग्नाचे फोटो काढणाऱ्या या माणसाविषयी बोलणे कमीच झाले.

व्हॅन डर झीचा जन्म १८८६ चा, मॅसॅच्युसेट्समधील लेनॉक्सचा. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. हार्लेम तिथून लगतच. ते न्यूयॉर्क सोडून गेले, त्याच सुमारास व्हॅन डर झीने हार्लेमच्या १३५ व्या रस्त्यावर स्टुडिओ थाटला. लग्ने, कुटुंबे, सैनिक, चर्चची मंडळी, अंत्यविधी हे सारे त्याने टिपले. १९२४ साली मार्कस गार्वीच्या संघटनेचा तो अधिकृत फोटोग्राफर होता. गणवेश घालून रस्त्यावर उतरलेली काळी माणसे आज आपल्याला दिसतात, त्यात त्याच्या कॅमेऱ्याचा वाटा मोठा आहे.

त्याची रीत धंद्याचीच होती. मागे रंगवलेला पडदा, शेजारी फुलदाणी, बसायला नक्षीची खुर्ची. नंतर निगेटिव्हवर हात फिरवून तो सुरकुत्या पुसायचा, दात सरळ करायचा, प्रसंगी गळ्यात दागिनाही काढायचा. १९२६ च्या एका लग्नाच्या फोटोत नवरानवरी आहेत, मागे चितारलेली शेकोटी आहे आणि जवळच बाहुली घेतलेली एक पुसट, पारदर्शक मुलगी. ती मुलगी अजून जन्मलेली नाही. दुसऱ्या निगेटिव्हवरून ती या संसारात आणून बसवली आहे.

मग हे खोटे नव्हे काय? शेकोटी खोटी, दागिना खोटा, मुलगी तर नाहीच.

प्रश्न रास्त आहे. पण त्याआधी विचारले पाहिजे की, काळ्या माणसाचा चेहरा तोवर कुणाच्या हातात होता? मालकाच्या, पोलिसाच्या, टिंगलीची चित्रे छापणाऱ्याच्या. तिथे माणूस कसा दिसावा हे दुसराच ठरवीत होता. व्हॅन डर झीच्या स्टुडिओत माणूस पैसे मोजून आला, कपडे निवडून आला आणि स्वतःच्या मर्जीने बसला. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले की, अस्पृश्यतेची खूण पटवणारे दागिने टाका, लुगडे नीट नेसा. तो उपदेश नटण्याचा नव्हता. अंगावरचा कपडा ही जातीने घातलेली बेडी होती, ती तोडण्याचा तो आदेश होता. या फोटोंकडे त्याच नजरेने पाहावे. माणूस कसा जगत होता याचा हा पुरावा नाही; आपण कसे जगण्याच्या लायकीचे आहोत असे तो मानत होता, याचा मात्र पुरावा आहे. आणि तेही वास्तवच आहे.

अर्थात, भाबडेपणा नको. सुरकुती पुसली की ती जिने पाडली ती मोलमजुरीही पुसली जाते. फोटोचे पैसे ज्याच्यापाशी नव्हते, तो या पडद्यापुढे आलाच नाही. अभिमानाचे चित्र भुकेच्या चित्राची जागा घेऊ शकत नाही. दोन्ही शेजारी-शेजारी ठेवावी लागतात.

आणि अभिमानाने घरभाडे भागत नाही. १९६९ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने हार्लेमवर मोठे प्रदर्शन भरवले. काळ्या चित्रकार-शिल्पकारांना त्यात स्थान नव्हते, म्हणून काळ्या कलावंतांनी बाहेर निदर्शने केली. आत व्हॅन डर झीचे फोटो मात्र गाजले. त्याच वर्षी या वृद्ध माणसाला आणि त्याच्या पत्नीला राहत्या घरातून बाहेर काढण्यात आले. पुढे त्याने पुन्हा कॅमेरा हाती घेतला. १९८२ साली तरुण चित्रकार बास्कियाचा फोटो काढला आणि १९८३ साली तो वारला. २०२१ मध्ये त्याच संग्रहालयाने हार्लेमच्या स्टुडिओ म्युझियमच्या सहकार्याने त्याचा संग्रह मिळवला. त्यात सुमारे २०,००० छायाचित्रे आणि ३०,००० निगेटिव्ह आहेत.

आपल्या घरांतही भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब आहेत, शेजारी आईबापांच्या लग्नाचा फोटो आहे. बाप अवघडून उभा, कोट बहुधा उसना. तो कोट पाहून आपण हसतो. हसण्याआधी त्या फोटोच्या पाठीवर नावे, गाव आणि साल लिहून ठेवावे. तो काढणाऱ्याचे दुकान अजून असेल, तर त्याच्या माळ्यावरच्या पेट्या उघडून पाहाव्यात. आपला इतिहास लिहिणाराला त्यांची गरज पडणार आहे.