'ऋतुचक्र' वर्गात वाचताना

पळस केव्हा फुलतो, असे विचारले की मुले 'वसंतात' म्हणून मोकळी होतात. त्यांतल्या किती जणांनी तो फुललेला पाहिला आहे, हे विचारायचे आपण विसरतो. अशा वेळी दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' (१९५६) फार उपयोगी पडते. मराठी महिन्यांच्या क्रमाने लिहिलेले हे ललितलेख वाचणाऱ्याला खिडकीबाहेर पाहायला लावतात.

तरी आमची एक तक्रार आहे. पुस्तकाबद्दल नव्हे, ते नोंदवहीसारखे वापरण्याबद्दल. आपले महिने चांद्र, आणि बारा चांद्रमासांचे वर्ष ३५४ दिवसांचे. झाड चालते ते ऋतूंवर, म्हणजे सूर्यावर. गुढीपाडवा २०२३ साली २२ मार्चला आला, २०२४ साली ९ एप्रिलला. दोन्ही वर्षी २५ फेब्रुवारीलाच फुललेला पळस वहीत एकदा फाल्गुनात पडेल, एकदा माघात. 'यंदा पळस लवकर फुलला' असे मुलांनी म्हटले तर चूक कुणाची? (शेतकऱ्यांची पावसाची नक्षत्रे इथे अधिक भरवशाची. ती सूर्यावरून मोजतात, म्हणून मृग दरवर्षी ७-८ जूनलाच लागतो.)

तेव्हा लेख जरूर वाचून दाखवावा आणि त्याच दिवशी शाळेजवळचे एक झाड नेमून द्यावे. दर आठवड्याला तारीख घालून पालवी, कळ्या, फुले, शेंगा लिहाव्यात. पळसावर मधासाठी साळुंक्या, शिंजीर आले तर तेही. काहीच घडले नसेल त्या आठवड्यात 'बदल नाही' असे लिहावे. बहुतेक वह्या नेमक्या इथेच बंद पडतात.