विकण्यातले पाप कोणते?

रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन गृहस्थांचा ‘सेलिंग फ्री सॉफ्टवेअर’ हा छोटेखानी निबंध मी गेल्या वर्षभरात तीनदा वाचला. सॉफ्टवेअरच्या धंद्याशी माझा संबंध कादंबरी टंकण्यापुरता आणि शाळेतल्या संगणकांपुरता. तरीही निबंध पुन्हा पुन्हा हाती घ्यावासा वाटला, कारण त्यातला प्रश्न एकट्या संगणकाचा नाही. दहाजणांनी मिळून घडवलेली आणि सर्वांसाठी खुली ठेवलेली वस्तू अकराव्याने बाजारात मांडावी व तिचे पैसे करावेत, हे नीतीला धरून आहे काय?

ज्यांना हा विषय परका वाटत असेल त्यांनी घरातल्या फराळाकडे पाहावे. बाजारात चकली विकत मिळते. भाजणीचे प्रमाण मिळत नाही. पुष्कळसे सॉफ्टवेअर असेच विकले जाते. तयार वस्तू तुमच्या हाती, ती घडवणारी मूळ संहिता मात्र कंपनीच्या कुलपात. स्टॉलमन यांचे म्हणणे असे, की चकलीबरोबर प्रमाणही द्या. घेणाऱ्याला ते बदलण्याची, शेजारणीला देण्याची आणि वाटल्यास स्वतः चकल्या तळून विकण्याचीही मोकळीक असू द्या. १९८३ साली त्यांनी या कामाची घोषणा केली, १९८५ साली आपला जाहीरनामा छापला, आणि त्याच वर्षी आपल्या ‘ईमॅक्स’ या संपादकाच्या फिती दीडशे डॉलरला एक अशा विकायला सुरुवात केली. तेच सॉफ्टवेअर ज्याला जाळ्यावरून उतरवून घेता येई त्याला ते फुकट मिळत होते. म्हणजे हा उपदेशक स्वतः दुकान मांडून बसलेला होता, आणि त्याला त्याचा यत्किंचितही संकोच नव्हता.

निबंधाचे सामर्थ्य या निःसंकोचपणातच आहे. इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दात मोफत आणि मुक्त हे दोन्ही अर्थ कोंबलेले असल्यामुळे लेखकाची बरीच शक्ती तो गुंता सोडवण्यात खर्ची पडते. आपल्याकडे दोन स्वतंत्र शब्द आहेत. तेव्हा घोटाळा होऊ नये. पण होतो. ‘फुकट ते पौष्टिक’ म्हणणारे आपण, फुकट मिळू शकणाऱ्या वस्तूला कोणी किंमत लावली की लगेच ‘चोर’ म्हणून ओरडतो. या बाबतीत मोठमोठ्यांचेही प्रथम असेच होते. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली लिनक्स प्रसिद्ध केले तेव्हा त्याचे वाटप पैसे घेऊन करू नये अशी अट घातली होती. १९९२ साली ती अट त्यांनी काढून टाकली आणि स्टॉलमन यांचाच परवाना स्वीकारला. नकला करणाऱ्यालाही फ्लॉप्या विकत घ्याव्या लागतात, त्याचाही वेळ जातो. त्याला विक्रीची बंदी केली तर वस्तू पवित्र राहील खरी, पण चार घरांपलीकडे पोचणार नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेत संगणक आले. पुरवठादाराच्या बिलात दर यंत्रामागे ‘ऑफिस सॉफ्टवेअर’ म्हणून एक रक्कम होती. यंत्र सुरू केले तर आत लिब्रेऑफिस, जे कोणालाही दमडी न देता उतरवून घेता येते. शिक्षकांच्या खोलीत एकच गिल्ला झाला: ‘लुबाडले!’ मला तसे वाटले नाही. परवान्यात विक्रीला मनाई नाही. त्या माणसाने येऊन प्रत्येक यंत्रावर ते बसवले, मराठी कळफलक चालू करून दिला. त्या श्रमाचे मोल त्याने घ्यावे. पण नववीतल्या एका मुलाने घरच्या संगणकासाठी ते मागितले तेव्हा हाच गृहस्थ म्हणाला, ‘लायसनचा भंग होईल.’ पाप झाले ते इथे. त्याने सॉफ्टवेअर विकले यात काही वावगे नाही; त्याबरोबर आलेली मोकळीक त्याने मुलापासून दडवली. स्टॉलमन यांच्या निबंधाने हा भेद मला स्पष्ट करून दिला, आणि त्यासाठी मी त्यांचा ऋणी आहे.

परंतु माझी तक्रार इथून सुरू होते. घेणाऱ्याच्या हक्काचा जितका बारकाईने विचार त्यांनी केला आहे, तितका घडवणाऱ्याच्या पोटाचा केलेला नाही. ज्या वस्तूची नक्कल पहिलाच गिऱ्हाईक गावभर वाटू शकतो, तिची किंमत किती दिवस टिकणार? शिकवणी, दुरुस्ती, देखभाल यांवर चरितार्थ चालेल असे जाहीरनामा म्हणतो. संगणकाच्या खरेदीवर ‘सॉफ्टवेअर कर’ बसवण्याचीही कल्पना त्यात आहे. रेड हॅट या कंपनीने देखभालीवरच एवढा पसारा उभारला, की २०१९ साली आयबीएमने ती चौतीस अब्ज डॉलरला घेतली. हे खरे. पण याच जगात दुसरे चित्रही आहे. बँकांपासून दुकानांपर्यंत असंख्य संकेतस्थळांची गुपिते सांभाळणाऱ्या ‘ओपनएसएसएल’मध्ये एप्रिल २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ नावाचे भगदाड उघडकीस आले. तेव्हा जगाला कळले, की या कामाला वर्षाकाठी देणगी मिळत होती सुमारे दोन हजार डॉलर, आणि पूर्णवेळ राबणारा माणूस होता जेमतेम एक. त्याच्या जिवावर कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्या कंपन्यांनी कोणताही नियम मोडलेला नव्हता. कायद्याने निर्दोष असूनही माणूस कृतघ्न असू शकतो, याचे याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही.

मग दार लावून घ्यावे काय? ‘इलॅस्टिक’ कंपनीने २०२१ साली तसे करून पाहिले. आपल्या सॉफ्टवेअरवर ॲमेझॉन भाड्याचा धंदा करते, म्हणून तिने परवाना आवळला. ॲमेझॉनने जुन्या संहितेवरून स्वतःची वेगळी शाखा काढली. आणि २०२४ साली इलॅस्टिकने पुन्हा एक मुक्त परवाना देऊ केला. यात चिमटा बसला तो तिसऱ्यांनाच. एका वचनावर विसंबून ज्यांनी आपले श्रम त्यात घातले होते, त्यांना वचन मध्येच बदललेले दिसले. मोठ्याच्या लोभावर उपाय म्हणून लहानाचा विश्वास मोडणे, हा काही न्याय नव्हे.

माझ्या मते विकणाऱ्यावर दोन कर्तव्ये येतात. घेणाऱ्यापासून त्याची मोकळीक झाकू नये, हे पहिले. ते परवान्यात लिहिता येते. कमाईतला काही वाटा ज्याच्या श्रमावर ती उभी आहे त्याच्याकडे परत जावा, हे दुसरे. ते कोणत्याही परवान्यात लिहिता येत नाही, कारण लिहिले की मुक्तपणाच संपतो. स्टॉलमन यांचा निबंध पहिल्या कर्तव्याबद्दल निर्दोष आहे; दुसऱ्याबद्दल तो नफ्यातला काही भाग मुक्त सॉफ्टवेअरच्या विकासाला द्यावा एवढा सल्ला देतो.

हा प्रश्न माझ्यापासून दूरचा नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ मंडळींनी ‘मुक्ता’ हा देवनागरी टंक घडवून खुला ठेवला आहे. त्याचा परवाना म्हणतो, नुसता टंक विकू नका. त्यात छापलेले पुस्तक मात्र खुशाल विका. माझी मागची कादंबरी त्याच टंकात जुळवली गेली. तिच्या पाठीवर किंमत छापली होती, आणि मी मानधनही घेतले. त्या अक्षरांच्या वळणांवर कोणीतरी रात्री जागवल्या असतील. परवाना माझ्याकडे काहीच मागत नाही; म्हणूनच काय द्यायचे ते माझे मलाच ठरवावे लागते. नव्या आवृत्तीच्या मानधनातून काही रक्कम मी या कामासाठी बाजूला काढणार आहे, आणि मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर टंक घडवणाऱ्यांचे नाव छापावे असे प्रकाशकांना कळवले आहे.